लागती फांदी

चैत्र सरत आला, की तळेघरच्या स्टँडवर एस.टी.तून उतरता उतरताच वास येतो. वाळत घातलेल्या बाळहिरड्याचा तुरट वास, आणि त्यात कुठूनतरी आलेला राबाचा धूर. ऑफिसातली एक मैत्रीण एकदा सोबत आली होती. तिला विचारलं, "येतोय का वास?" तर म्हणाली, "काहीतरी जळतंय वाटतं." बरोबरच होतं तिचं. जळतच असतं. भाताचं रोप टाकायच्या आधी आमच्याकडं वाफा भाजून काढतात. माघात झाडांच्या फांद्या तोडायच्या, वाफ्यावर पसरायच्या, वर शेण, गवत, माती घालायची आणि सगळं कडकडीत वाळलं, की पेटवून द्यायचं. हा राब. राब नाही तर रोप नाही, हे मी चालायला लागल्यापासून ऐकत आले. झाड तोडतो असं आम्हाला कधी वाटलं नाही. झाडाकडून घेतो असं वाटायचं. आणि घ्यायलाही रीत होती.

स्टँडपासून आमची वाडी तासाभराची वाट. यंदा ती चालताना फोन वाजला. वाडीच्या शाळेतल्या बाई. पटावर आठ पोरं असलेली शाळा, पण बाई हौशी. म्हणाल्या, "ताई, शाळेची भिंत रंगवायची आहे. पेंटर उद्या येतोय. भिंत एकच आहे. शेकरू काढू, का तो शीळ घालणारा पक्षी? पोरांचं भांडण लागलंय. तुम्ही इथल्या पहिल्या ग्रॅज्युएट, तुम्हीच सांगा."

मी म्हटलं, "घरी पोचते आणि सांगते." फोन ठेवला आणि वाटेतल्या दगडावर बसले. बाईंना काय माहीत, त्यांनी काय विचारलं ते.

शेकरू सगळ्यांना माहीत आहे. राज्याचा प्राणी म्हणून भीमाशंकरच्या रस्त्याला पाटीपाटीवर त्याचं चित्र आहे. झाडावरची खारच, पण मांजराएवढी. तांबडं अंग, पोटाला फिकट पिवळा रंग आणि अंगापेक्षा लांब झुपकेदार शेपूट. जमिनीवर ते सहसा उतरत नाही. जन्म झाडावर, खाणं झाडावर, मरणही झाडावरच येत असावं. ओरडायला लागलं, की टक-टक-टक-टक करून सगळं रान डोक्यावर घेतं. आईच्या भाषेत, "शेकरू म्हंजी घरातलं माणूस. दिसलं न्हाई तर चुकल्यासारखं व्हतं, अन् दिसलं की कटकट."

त्या पाखराची पाटी कुठं नाही. आम्ही त्याला नुसतं शीळवालं म्हणायचो. शीळकरी कस्तूर हे त्याचं पुस्तकातलं नाव मला जुन्नरला कॉलेजात असताना लायब्ररीत सापडलं, आणि ओळखीच्या माणसाचं आधारकार्ड बघितल्यासारखं वाटलं. काळंनिळं अंग. ऊन लागलं तर कपाळावर आणि खांद्यावर निळी झाक मारते, पण ऊन लागेल अशा जागी ते बसतच नाही. ओढ्याच्या कपारीत, ओल्या कातळाच्या आड त्याचं राहणं. थंडीत मुकं असतं. उन्हाळा तापायला लागला, की पहाटेच्या अंधुक उजेडात एकदम शीळ येते. तिला धड चाल नसते. कामावरून परतणारा माणूस आपल्याच तंद्रीत काहीतरी गुणगुणतो, मध्येच विसरतो, पुन्हा दुसरंच धरतो, तशी. माझ्या लहानपणी वाडीच्या तिन्ही ओढ्यांना ती ऐकू यायची. आता फक्त आमच्या घराखालच्या ओढ्याला येते, आणि तीही दरवर्षी येईलच असं नाही. आई त्याला पावणं म्हणते. "आलं तर आलं. पावण्याला का आला न्हाईस म्हून इचारायचं नसतं."

एक दिसणारं, एक ऐकू येणारं. एवढ्यावर मी बाईंना उत्तर देऊन मोकळी झाले असते. पण बारा वर्षांपूर्वीचा एक हंगाम मध्ये येतो.

त्याच्या आदल्या जूनमध्ये मी बी.ए. झाले होते. आमच्या वाडीत पहिली. मुलगी म्हणून नव्हे, माणूस म्हणून पहिली. हे मी आजही ठासून सांगते, कारण आमच्याकडं लोक लगेच "पोरींमध्ये" असं जोडतात. निकालाच्या दिवशी बा तळेघरपर्यंत चालत गेला आणि पेढे घेऊन आला. वाडीतल्या घराघरात स्वतः देऊन आला. काय सांगायचं ते त्याला नीट येत नव्हतं. "पोरगी झाली," एवढंच म्हणायचा. खंडूकाका, आमचा शेजारी, जिभेला हाड नसलेला माणूस, म्हणाला, "झाली? मंग ही बावीस वरसं कोण व्हती?" डिग्रीचा कागद हातात आला, तेव्हा बानं तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बियाण्याच्या भाताच्या कणगीत खोचून ठेवला. घरातली सगळ्यात जपायची जागा तीच.

जुन्नरच्या होस्टेलवर तीन वर्षं माझी बोटं काळी असायची. हिरडा खुडून आलं, की त्याचा रस बोटांना लागतो, आणि कोयत्याचं लोखंड लागलं की तो शाईसारखा काळा पडतो. धुऊन जात नाही. माझी खोलीतली जोडीदारीण सुनंदा, आण्याच्या पठारावरची. तिच्या आज्यानं छप्पन साली दीक्षा घेतलेली, आणि घरात तिच्याआधी दोन भाऊ शिकलेले. ती माझी बोटं बघून म्हणायची, "तुझी तर बाई सगळी उत्तरं हातावरच लिहिलेली." मी तिला शेकरूबद्दल सांगायचे. झाडावरून झाडावर, फांदीला फांदी धरून कसं चालतं ते. ती एकदा हसत म्हणाली, "आमच्या पठारावर पाठव की. झाडाला झाड लागतंय कुठं तिथं! तुझं शेकरू पहिल्याच झाडावर बसून उपाशी मरेल." दोघी खूप हसलो होतो.

आमच्या घराच्या वरच्या अंगाला देवाची राई आहे. खालच्या अंगाला ओढा, आणि ओढ्याकाठी एक जुना हिरडा. दोघांच्या मध्ये बांधावर एकच झाड, ऐनाचं. राईची फांदी ऐनाला लागलेली, ऐनाची फांदी हिरड्याला. शेकरू राईत खायचं आणि रात्रीला हिरड्यावर यायचं. ऐन म्हणजे त्याचा साकव.

राबाला ऐनच तोडतात. पान मोठं, जळतं चांगलं, आणि झाड चिवट, पुन्हा फुटतं. पण रीत अशी, की शेंडा ठेवायचा, आणि ज्या फांदीला शेजारच्या झाडाची फांदी लागते, तिला कोयता लावायचा नाही. तिला लागती फांदी म्हणतात. कारण कुणी सांगत नसे. बा एवढंच म्हणायचा, "ती आपली न्हाई."

त्या माघात बाचा गुडघा सुजून भोपळ्याएवढा झाला होता. उठवत नव्हतं. राब राहिला होता. मी घरीच होते. स्पर्धा परीक्षांची पुस्तकं वाचत ओट्यावर बसलेली. खंडूकाका त्याच्या ऐनावरून ओरडला, "काय गं, बी.ए.ला झाडावर चढायचं शिकवत्यात का न्हाई? का पुस्तकच पेटवून राब भाजायचा यंदा?"

मी पुस्तक मिटलं, कोयता कमरेला अडकवला आणि ऐनावर चढले.

बायका सहसा राबाला चढत नाहीत. खाली गोळा करतात, डोक्यावर वाहतात. मी चढले, याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला. खालून चार जण बघत होते. मी सपासप फांद्या उतरवल्या. हात मऊ झालेत असं कुणी म्हणायला नको. वर वर गेले आणि हिरड्याच्या अंगाला गेलेली ती एक लांब आडवी फांदी दिसली. पानांनी भरगच्च. तिच्या एकटीतच एका वाफ्याचा राब निघाला असता. मला रीत माहीत नव्हती असं नाही. मला चांगली आठवली. पण मनात आलं, फांदीच आहे, फुटेल परत. आणि खालून खंडूकाका म्हणाला, "दमली वाटतं!"

मी कोयता घातला. चार घावांत फांदी पडली. खाली कुणी काही बोललं नाही. खंडूकाकासुद्धा नाही. मी ते कौतुक समजले.

हिरड्यावर त्या वर्षी शेकरूचं घरटं होतं. डहाळ्या-पानांचा मोठा गोळा, बाहेरून कावळ्याच्या घरट्यासारखा, पण झाकलेला. मादी राईत गेली होती. दुपार कलली तशी ती परतली. बा ओट्यावर गुडघ्याला निरगुडीचा पाला बांधून बसला होता. त्यानं आधी पाहिलं. ऐनाच्या तुटक्या टोकाशी ती आली, थांबली, पलीकडं बघितलं. मागं गेली. पुन्हा आली. शेपूट खाली सोडून नुसती बसून राहिली. शेकरू लांब उडी मारतं, लोक म्हणतात दहा-बारा हात सहज. पण आता मध्ये वीस हातांच्या वर मोकळं आभाळ होतं. मग ती ओरडायला लागली. टक-टक-टक. ती ओरडत होती, आणि मी अंगणात फांद्यांच्या मोळ्या बांधत होते.

मग ती खोडावरून खाली उतरली.

जमिनीवरचं शेकरू मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. झाडावर एवढं चपळ, आणि जमिनीवर कसं अवघडल्यासारखं पळतं. ऐनापासून हिरड्यापर्यंत पंचवीस पावलंसुद्धा नसतील. आमचाच कुत्रा, काळू, दारात झोपलेला. बानं हाक मारली, काठी फेकली. त्याला उठता येत नव्हतं. मी धावले तेव्हा उशीर झाला होता.

आई म्हणाली, "पिल्लू आसंल वर." मी हिरड्यावर चढले. एकच होतं. डोळे उघडलेलं, अंगावर लव आलेली. ओच्यात घालून खाली आणलं. आईनं शेळीचं दूध कापसानं पाजलं. चुलीपाशी टोपलीत ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेलं. बानं काठी टेकत टेकत जाऊन ऐनाच्या बुडाशी खड्डा काढला.

पण त्याच्या आधी, त्या पहिल्याच संध्याकाळी, बानं मला विचारलं होतं, "लागती फांदी तोडलीस व्हय?"

आणि मी म्हणाले, "नाही. वाऱ्यानं मोडली."

माघात आमच्याकडं पान हलत नाही. आणि ऐनाचा ताजा घाव ओट्यावरून पांढराशुभ्र दिसत होता. बानं त्या घावाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "बरं," म्हणाला. त्या दिवसापासून आजतागायत त्यानं ती गोष्ट काढलेली नाही. दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मी कधीच विसरून गेले असते.

त्या वर्षी वैशाखात शीळवालं नेहमीसारखं आलं. पहाटे, हिरड्याच्या अगदी खालून, ओढ्यातून त्याची शीळ सुरू झाली. मी अंथरुणात पडून ऐकत होते आणि मला संताप आला. वर घरटं रिकामं लोंबतंय, आणि हे गातंय! सकाळी मी बाला तसं म्हणाले. तो हिरडा पसरत होता. म्हणाला, "त्याला काय ठावं? त्याला पंख हायेत. ते कुणाच्या फांदीवर न्हाई." जरा वेळानं स्वतःशीच म्हणाला, "बरं हाय त्याचं. पर शेकराचं तसं न्हाई."

दोघांची तुलना कुणी मला परीक्षेत विचारली असती, तर मी पानभर लिहिलं असतं. बाच्या या दोन वाक्यांपुढं ते पान कमीच पडलं असतं.

पुढच्या वर्षी मला घोडेगावला नोकरी लागली. हिरड्याच्या हंगामात घरी आले, तर ऐन नव्या पालवीनं भरलेला. बा ओट्यावरून म्हणाला, "जरा जाऊन बघ. लागलं का?"

काय लागलं, हे मी विचारलं नाही. ऐनाखाली गेले. तुटलेल्या जागी धुमारे पुष्कळ फुटले होते, पण सगळे सरळ वर. आडवा एकही नाही. तोडलेलं झाड घाबरल्यासारखं आभाळाकडंच पळत असतं. मी परत येऊन म्हणाले, "नाही." तो म्हणाला, "बरं."

तेव्हापासून दर वर्षी हा प्रश्न. मी एस.टी.तून उतरून घरी आले, पाय धुतले, की पाण्याचा तांब्या हातात येण्याआधी, "लागलं का?" चौथ्या-पाचव्या वर्षी एक फांदी आडवी निघाली. बानं झाडावर माणूस चढवून वरचे धुमारे छाटून घेतले आणि त्या एकीला जोर दिला. आमच्या वाफ्यांना तेव्हापासून त्या ऐनाचं पान गेलेलं नाही. राब थोडा, रोप विरळ, खंडूकाका म्हणायचा, "भाऊ, शेकराला भात घालतूस का काय?" बा म्हणायचा, "व्हय."

मध्ये एकदा मी शहाणपणा केला. बाजारातून जाड नायलॉनचा दोर आणला आणि चुलतभावाकडून ऐन ते हिरडा असा ताणून बांधून घेतला. शिकलेल्या माणसाचा उपाय. शेकरू त्या दोराकडं फिरकलं नाही. माकडं मात्र रोज लोंबकळायला यायला लागली आणि खाली वाळत घातलेल्या हिरड्याची नासधूस. आई चिडून म्हणाली, "माकडांना झोका बांधलास, आता पाळणं म्हण." पावसाळ्याआधी मी तो काढून टाकला. बा तेवढंच बोलला, "त्याला आपल्या दोरीचा भरवसा कशापायी वाटंल?"

आणि मग बाचे डोळे गेले. काचबिंदू. मंचरला दाखवलं, पुण्याला दाखवलं. जे गेलं ते येणार नाही, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. सहा वर्षं झाली. शीळवालं अजून त्याचं आहे. ते पहिल्यापासून कानाचंच होतं. पहाटे शीळ आली, की तो अंथरुणावर उठून बसतो आणि संपेपर्यंत हलत नाही. पण शेकरू त्याच्यापुरतं संपलं. रानात कुठं टकटक ऐकू आली तर मान वळवतो, आणि मान वळवून उपयोग नाही हे आठवून पुन्हा सरळ करतो. ते मला बघवत नाही.

तीन वर्षांपूर्वी अंतर दहा हातांवर आलं होतं. त्या हंगामात मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, एका नरानं ऐनाच्या टोकावरून झेप घेतली आणि हिरड्याची फांदी धरली. मी पळत घरात आले. "बा, गेलं! उडी मारून गेलं पलीकडं!"

मला वाटलं, तो खूश होईल. तो म्हणाला, "उडीचं नगं सांगू. लागलं का?"

"अरे पण गेलं ना ते!"

"एकटं गेलं," बा म्हणाला. "तरणं व्हतं, गेलं. आई तोंडात पिल्लू धरून उडी मारीत न्हाई, पोरी. ती चालत जाती."

त्या रात्री मला झोप आली नाही. बा शेकरूबद्दलच बोलत होता, त्याला आडून बोलता येत नाही. पण मी माझ्या अंगाला लावून घेतलं. मी वाडीतून जुन्नरला गेले, ती उडीच होती. मागं वळून न बघता मारलेली. माझ्यामागून वाडीतल्या दोन पोरी कॉलेजला गेल्या, आणि दोघी वर्षाच्या आत परत आल्या. एकीला होस्टेल मिळालं नाही, दुसरीची आई आजारी पडली. मी तेव्हा घोडेगावात होते, पंख्याखाली. लोक आजही म्हणतात, वाडीचं नाव काढलंस. मीही मान वर करून ऐकते. पण माझ्यानंतर अजून दुसरं नाव निघालेलं नाही. त्या दोघींतल्या धाकटीला गेल्या वर्षी मी माझ्या खोलीवर आणून ठेवलं. ती आता घोडेगावला दुसऱ्या वर्षाला आहे. भांडी घासण्यावरून आमची भांडणं होतात. ते असो.

यंदा मी घरी पोचले, तेव्हा बा ओट्यावर नव्हता. आत, चुलीच्या उबेला, वाकळेवर पडला होता. या थंडीत त्याचा दम वाढला आणि अंग पार वाळून गेलं. आई मला दारातच थांबवून हळू आवाजात म्हणाली, "चार दिस झालं, पेज घेत न्हाई. दवाखान्यात जायचं न्हाई म्हंतो. डाक्टर घरी येऊन गेला. वय झालं म्हनला." मग माझा दंड धरून म्हणाली, "हे बघ. त्याचा जीव त्या ऐनात अडकलाय. तू आत जा, अन् लागलं म्हून सांग. त्याला कुठं दिसतंय? सुखानं जाऊ दे त्याला."

मी पिशवी ठेवली आणि आत न जाता आधी ऐनाकडं गेले.

ऊन डोक्यावर होतं. ऐनाला कोवळी पालवी आली होती, तांबूस, चकाकणारी. हिरड्याखाली पडलेल्या बारक्या हिरड्यांचा सडा. दोन्ही फांद्यांच्या टोकांखाली उभी राहून मी वर बघत राहिले. वारा नव्हता. ऐनाचं शेवटचं पान आणि हिरड्याचं शेवटचं पान. मध्ये आभाळाची एक निळी चिरी. किती असेल? माझ्या हाताहून जास्त. बाच्या हाताएवढी.

बाचा हात लांब. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत तो सगळं मोजायचा. वाफा, दोरी, माझ्या पहिल्या शाळेच्या झग्याचं कापडसुद्धा. दुकानदार टेप काढायचा, तर बा म्हणायचा, "राहू दे राव, ह्ये कमी-जास्त व्हत न्हाई."

मला "लागलं" म्हणणं अवघड नव्हतं. आई म्हणत होती ते खोटं नव्हतं; बाला दिसत नव्हतं. पुढच्या वर्षी ते खरंच लागलं असतं. एका हाताचा, एका पावसाळ्याचा फरक. मेलेलं माणूस कुठं मोजायला येतं? आणि तो सुखानं गेला असता. हे सगळं मी स्वतःला समजावून सांगत होते, आणि माझी नजर ऐनाच्या त्या जुन्या घावाकडं गेली. बारा वर्षांत सालीनं तो चारी बाजूंनी झाकत आणलाय. मध्ये रुपयाएवढा काळा डाग तेवढा उरलाय.

आत गेले. पाय धुतले. बानं आवाजावरून ओळखलं. चेहरा माझ्याकडं वळवला. आवाज पार खोल गेलेला.

"शाळंतल्या बाई येऊन गेल्या," म्हणाला. "भितीवर चित्र काढायचं म्हनत्यात. शेकरू का शीळवालं, तू सांगनार हायेस म्हनं."

"तू सांग, बा."

"पाखरू काढू नगा. भितीवर काढलं तर शीळ कुठनं यील?" दम घ्यायला तो थांबला. "शेकरू काढा. पर नुसतं न्हाई. झाडं दोन काढा म्हनावं. लागलेली."

चुलीपाशी आई पाठमोरी बसून होती. तिचा हात थांबलेला मला दिसला.

"लागलं का?" बानं विचारलं.

 मी म्हणाले, "बा, ती फांदी वाऱ्यानं मोडली नव्हती. मी तोडली होती."

"ते मला ठावं हाय," तो म्हणाला. "आताचं सांग."

आईनं वळून माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघायचं टाळलं.

"नाही लागलं," मी म्हणाले. "अजून हातभर राहिलंय."

 बानं विचारलं, "तुझ्या हातानं का माझ्या?"

"तुझ्या."

बानं वाकळेतून उजवा हात बाहेर काढला. हाड आणि कातडं. डाव्या हातानं चाचपत त्यानं तो कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत सावकाश मोजला, कापड मोजावं तसा.

"मंग लई न्हाई," तो म्हणाला. "थांबतो."

आणि आईच्या दिशेनं मान वळवून म्हणाला, "पेज हाय का गं?"